वाचक विचारतात : घरी सौर पॅनेल बनवायचे तर

सुटे सौर सेल विकत आणून घरच्या घरी पॅनेल तयार करण्याविषयी कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून आणि काही पत्रे थोडी आटोपशीर करून या अंकात उत्तरे देत आहोत. 'पॅनेल बनवणे' म्हणताना बहुतेक वाचकांना तयार सेल एकमेकांना जोडणे अभिप्रेत आहे. सेलच घरी तयार करता येईल का, असे विचारणारे एकच पत्र आहे आणि त्याचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

प्रश्न : माझा मोटार रिवाइंडिंगचा व्यवसाय असल्यामुळे सोल्डरिंगचा हात चांगला आहे. १५६ मिलिमीटरचे सौर सेल आणून बारा व्होल्टची बॅटरी भरणारे पॅनेल बनवायचा विचार आहे. विक्रेता तीस सेल पुरेसे आहेत असे सांगतो, तर काही जण छत्तीस म्हणतात. नेमके किती घ्यावेत, कसे जोडावेत आणि त्यामुळे विजेचे बिल किती कमी होईल?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : छत्तीसच घ्या आणि फुटतील म्हणून पाच-सहा जास्तीचे घ्या. सिलिकॉनचा सेल लहान असो वा मोठा, उन्हात त्याचे व्होल्टेज जवळपास सारखेच असते. काहीही जोडलेले नसताना ते सुमारे ०.६ व्होल्ट असते आणि पूर्ण शक्ती घेतली जात असताना सुमारे ०.५ व्होल्ट. सेलचा आकार वाढला की वाढतो तो प्रवाह. तीस सेल एकापुढे एक जोडले की पंधरा व्होल्ट मिळतात आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला ते भरपूर वाटतात. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी पुरती भरण्यासाठी तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट यावे लागतात, आणि सेलचे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेले असतात, हे विक्रेता सांगत नाही. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरचा सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतो. तापमान एका अंशाने वाढले की प्रत्येक सेलचे साधारण दोन मिलिव्होल्ट कमी होतात. म्हणजे ३५ अंशांच्या फरकाने तीस सेलांच्या पॅनेलचे दोन व्होल्ट जातात आणि उरतात जेमतेम तेरा, ज्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. छत्तीस सेलांच्या अठरा व्होल्टमधून अडीच गेले तरी साडेपंधरा राहतात. छत्तीस हा आकडा असा उन्हाळ्याचा हिशेब करून ठरलेला आहे.

या साडेपंधरा व्होल्टमधून तारेचा वाटाही द्यावा लागतो. गच्चीपासून बॅटरीपर्यंत १५ मीटर अंतर असेल, तर प्रवाहाला जाऊन-येऊन ३० मीटर तारेतून जावे लागते. आठ अँपिअर प्रवाह असताना तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेत जवळपास तीन व्होल्ट खर्ची पडतात, तर ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत साधारण एक ते सव्वा व्होल्ट. घरातल्या दिव्यांसाठी वापरतात ती बारीक वायर इथे लावली तर छत्तीस सेल असूनही बॅटरी उपाशी राहील आणि दोष पॅनेलला दिला जाईल. त्यामुळे बॅटरी शक्य तितकी पॅनेलजवळ ठेवावी आणि तारेत काटकसर करू नये.

आता जोडणी. नेहमीच्या पी-टाइप सेलची समोरची, बारीक रुपेरी रेघांची बाजू ऋण आणि मागची बाजू धन असते. कल्हई केलेली तांब्याची चपटी पट्टी, जिला बाजारात टॅबिंग वायर म्हणतात, सेलच्या साधारण दुप्पट लांबीची कापावी. तिचा अर्धा भाग एका सेलच्या समोर आणि उरलेला अर्धा पुढच्या सेलच्या पाठीवर डाखला की दोन सेल एकामागोमाग जोडले जातात. रुपेरी पट्ट्यांवर आधी फ्लक्स लावावा आणि रुंद टोकाची सोल्डरिंग इस्त्री न दाबता, एका ओघात पुढे न्यावी. रिवाइंडिंग करणाऱ्या हाताला इथे एक सवय मोडावी लागेल, ती म्हणजे जोर देण्याची. या सेलची जाडी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी असते आणि दाबामुळे पडलेली चीर डोळ्यांना दिसतही नाही. काम सपाट काचेवर करावे, दोन सेलांमध्ये तीन-चार मिलिमीटर फट ठेवावी आणि फटीतली पट्टी ताणलेली नसावी, कारण रोजच्या तापण्या-निवण्याने ताणलेला डाख सुटतो. फ्लक्सचा धूर नाकात जाणार नाही अशा मोकळ्या जागी बसावे, आणि सोल्डरमध्ये शिसे असेल तर जेवणापूर्वी हात नीट धुवावेत.

नऊ-नऊ सेलांच्या चार ओळी कराव्यात आणि तपासून झाल्यावर त्याही एकापुढे एक जोडाव्यात. प्रत्येक ओळ उन्हात धरून मल्टिमीटरने तपासली, तर थंड असताना सुमारे ५.४ व्होल्ट दिसायला हवेत. नुसत्या व्होल्टवर मात्र विसंबू नये. तडकलेला सेलही व्होल्ट पूर्ण दाखवतो आणि प्रवाह देताना उघडा पडतो, म्हणून दुपारच्या उन्हात प्रत्येक ओळीचा शॉर्ट-सर्किट प्रवाह, म्हणजे दोन्ही टोके थेट मीटरमधून जोडल्यावर वाहणारा प्रवाहही मोजावा. मोजताना मीटरचा दहा अँपिअरचा सॉकेट वापरावा. ओळीतला सर्वांत दुबळा सेल जितका प्रवाह देईल तितकाच साऱ्या ओळीला मिळतो. पाटात एका जागी दगड अडकला की पुढच्या सगळ्या वाफ्यांना तेवढेच पाणी पोहोचते, तसाच हा प्रकार आहे. स्वस्तात मिळणारे सुटे सेल बहुधा कारखान्याने दुय्यम म्हणून बाजूला काढलेले असतात. ते डाखण्यापूर्वीच प्रवाह मोजून सारखे निवडले, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

राहिला बिलाचा प्रश्न. १५६ मिलिमीटरचा चांगला सेल दर चौरस मीटरला १००० वॉट एवढ्या प्रमाणित उन्हात सुमारे चार वॉट देतो, म्हणजे छत्तीस सेलांचे १४४ वॉट झाले. निरभ्र दिवशी यातून साधारण अर्धा युनिट वीज मिळेल. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला दिवसाला साडेसहा युनिटांहून जास्त लागतात, त्यामुळे बिलात फरक जाणवणार नाही. वीज गेल्यावर नऊ वॉटचे चार दिवे पाच तास आणि तीस वॉटचा बीएलडीसी पंखा सात तास चालावा, एवढ्यासाठी मात्र हे पॅनेल पुरेसे आहे. त्यासोबत ८० अँपिअर-तासाच्या आसपासची बॅटरी आणि चांगला चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे यंत्र, घ्यावे. बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून १५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. तो विसरला जातो असा अनुभव आहे, आणि बॅटरीची तार शॉर्ट झाल्यावर लागणारी आग पॅनेलपेक्षा कितीतरी पटीने धोकादायक असते.

प्रश्न : प्लायवूडची पेटी करून, आत सेल चिकटवून, वर ॲक्रिलिकचा पत्रा बसवावा असा माझा बेत आहे. कडा सिलिकॉनने बंद केल्या तर असे पॅनेल किती वर्षे टिकेल?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : एका पावसाळ्यानंतर आपल्याला त्याची पेटी उघडावी लागेल, असा माझा अंदाज आहे. सेल जोडणे हे पॅनेल बनवण्यातील सोपे काम आहे. अवघड काम आहे ते पाणी आणि दमट हवा वर्षानुवर्षे बाहेर ठेवण्याचे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाही ओल येणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ते अधिकच अवघड आहे. गगनबावड्याकडच्या वाचकांना तर हे सांगायलाच नको.

कारखान्यात सेल मोकळ्या हवेत ठेवलेले नसतात. वर लोहांश कमी असलेली, साधारण ३.२ मिलिमीटर जाडीची टेम्पर्ड काच, तिच्याखाली ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा थर, मग सेल, पुन्हा ईव्हीए आणि शेवटी बॅकशीट असा थर रचून तो लॅमिनेटर यंत्रात ठेवतात. त्यातील हवा काढून घेतात आणि सुमारे १५० अंश तापमानाला दाबतात. ईव्हीए वितळून सेलभोवती असे बसते की आत हवेचा बुडबुडाही उरत नाही, आणि त्याच उष्णतेत त्याच्या रेणूंची जाळी बांधली जाऊन ते पुन्हा वितळेनासे होते. घरी हीट गन किंवा कपड्यांची इस्त्री फिरवून ईव्हीए चिकटते खरे, पण निर्वात जागा नसल्याने बुडबुडे राहतात, उष्णता सगळीकडे सारखी लागत नाही, आणि अर्धवट शिजलेले ईव्हीए पुढे थरांपासून सुटू लागते.

आपल्या बेतात तर बुडबुड्यांऐवजी अख्खी पेटीभर हवा आहे. दिवसा ती तापून प्रसरण पावते आणि रात्री आकुंचन पावताना सांध्यांतून बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. पहाटे तिचे दव सेलवर जमते, डाखाचे सांधे काळवंडतात आणि रुपेरी रेघा खराब होतात. ॲक्रिलिकची आणखी एक अडचण आहे. दीड मीटर लांबीचा ॲक्रिलिक पत्रा ४० अंश तापमानवाढीत सुमारे चार मिलिमीटर लांबतो, तर तेवढीच काच जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. रोज चार मिलिमीटर सरकणाऱ्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ फार काळ धरून ठेवू शकत नाही. त्यातच सेल गरम होऊन जळण्याचा जो प्रकार पुढच्या उत्तरात सांगितला आहे, तो प्लायवूडच्या पेटीत घडला तर लाकूड पेट घेऊ शकते.

तरीही करायचेच असेल तर पेटीऐवजी ॲल्युमिनियमची चौकट घ्यावी. आपल्याकडे उद्यमनगरात ती अचूक मापात कापून मिळेल. ॲक्रिलिकऐवजी टेम्पर्ड काच मापाची करून घ्यावी आणि माप आधीच पक्के करावे, कारण टेम्पर केल्यानंतर काच कापता येत नाही. सेलवर ओतण्याचे दोन भागांचे पारदर्शक सिलिकॉन मिळते. ते महाग असले तरी घरगुती कामात ईव्हीएपेक्षा खात्रीचे ठरते, कारण ते साध्या तापमानात घट्ट होते आणि हवा न अडकवता हळूहळू ओतता येते. कडांसाठी मात्र दुकानात मिळणारे कोणतेही सिलिकॉन चालणार नाही. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन ॲसिटिक आम्ल सोडते आणि ते तांबे व डाख खाते. 'न्यूट्रल क्युअर' असे लिहिलेली नळी मागून घ्यावी. एवढा सगळा खर्च केल्यावर त्याच क्षमतेचे तयार पॅनेल बहुधा स्वस्त पडेल, हेही जाणून असावे.

प्रश्न : शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडते. एवढ्याशा सावलीने काय होते? बायपास डायोड म्हणजे काय आणि तो घरगुती पॅनेलला लावावा का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अवश्य लावावा. छत्तीसपैकी एकच सेल सावलीत गेला तरी त्याच्यापुरतीच वीज कमी होत नाही. ओळीतला प्रवाह तिथेच अडतो आणि बाकीचे पस्तीस सेल मिळून त्या एका सेलवर उलटे व्होल्टेज टाकतात, त्यामुळे वीज देणारा सेल वीज खाणारा होतो आणि तापतो. हे तापणे इतके असू शकते की डाख वितळतो आणि मागचे आवरण करपते. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. अठरा-अठरा सेलांच्या दोन गटांना उलट्या दिशेने एकेक डायोड जोडला, तर सावलीतल्या गटाला वळसा घालून प्रवाह पुढे जातो आणि निम्मे पॅनेल तरी काम करत राहते. डायोड पॅनेलच्या शॉर्ट-सर्किट प्रवाहापेक्षा मोठ्या क्षमतेचा, म्हणजे आपल्या बाबतीत किमान दहा ते पंधरा अँपिअरचा शॉट्की प्रकारचा असावा. तो मागच्या जंक्शन बॉक्समध्ये उष्णता निघून जाईल असा बसवावा.

सावली मात्र डायोडने नाहीशी होत नाही. पॅनेल टाकीच्या सावलीबाहेर दीड-दोन मीटर सरकवणे शक्य असेल तर आधी तो उपाय करावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना सावल्या लांबतात, त्यामुळे जागा डिसेंबरमधल्या सावल्या पाहून पक्की करावी.

प्रश्न : घरी बनवलेल्या पॅनेलला बाजारात मिळणारा छोटा 'ग्रिड टाय' (म्हणजे थेट महावितरणच्या वाहिनीत वीज सोडणारा) इन्व्हर्टर जोडून त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली की मीटर हळू चालतो, असे एका व्हिडिओत पाहिले. हे करावे का? अशा पॅनेलला सरकारी अनुदान मिळते का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. महावितरणच्या वाहिनीला जोडलेली प्रत्येक सौर यंत्रणा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार अर्ज करून, तपासणी होऊन आणि घेतलेली व बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर बसवूनच सुरू करावी लागते. वाहिनी बंद झाल्यावर इन्व्हर्टरने तत्काळ थांबले पाहिजे, कारण खांबावर चढलेला वायरमन वाहिनी मृत आहे असे समजून काम करत असतो. निनावी, अप्रमाणित इन्व्हर्टर तसा थांबेलच याची हमी कोणी देत नाही. मीटर हळू चालेल ही आशाही फसवी आहे, कारण काही साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापरलेली म्हणूनच मोजतात.

अनुदानाचे नियम स्पष्ट आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने'त घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे एकूण जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. त्यासाठी सेल आणि पॅनेल दोन्ही देशात तयार झालेले असावे लागतात आणि काम नोंदणीकृत विक्रेत्यानेच करावे लागते. घरी बनवलेल्या पॅनेलकडे कोणतेही प्रमाणपत्र नसते, त्यामुळे ते या चौकटीत बसत नाही. ते बॅटरीपुरते, घराच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळे ठेवावे. बिल कमी करणे हाच हेतू असेल तर सरळ तीन किलोवॉटची प्रमाणित यंत्रणा बसवावी. एक किलोवॉटमागे वर्षभराची सरासरी धरून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात आणि गच्चीवर अंदाजे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ही सरासरी बरीच खाली येते, पण नेट मीटरमुळे उन्हाळ्यात जमा झालेले युनिट तेव्हा कामी येतात.

एक खुलासा. अशी यंत्रणा बसवूनही वीज गेल्यावर घरात अंधार होतो, म्हणून काही वाचक नाराज आहेत. वर सांगितलेल्या सुरक्षेच्या कारणाने इन्व्हर्टर थांबतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

प्रश्न : मी विज्ञान शिक्षिका आहे. सौर सेल शाळेच्या प्रयोगशाळेत अगदी पहिल्यापासून, म्हणजे सेलही आपणच तयार करून दाखवता येईल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : सिलिकॉनचा नाही. वाळूतून मिळणारे सिलिकॉन आधी विजेच्या भट्टीत वेगळे करतात, मग रासायनिक प्रक्रियांनी इतके शुद्ध करतात की दहा लाख अणूंत एखादाही परका अणू चालत नाही. त्यानंतर ते १४१४ अंशांना वितळवून त्याचे स्फटिक वाढवतात, पातळ चकत्या कापतात आणि विषारी वायूंच्या साहाय्याने त्यात फॉस्फरस मुरवतात. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सेल दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती, आणि तेवढ्यासाठीही अद्ययावत प्रयोगशाळा लागली होती.

शाळेला जमण्यासारखे दोन प्रयोग मात्र फार सुंदर आहेत. पहिला तांब्याचा. तांब्याचा स्वच्छ घासलेला पत्रा विजेच्या शेगडीवर अर्धा तास लालभडक तापवावा आणि शेगडीवरच सावकाश निवू द्यावा. वरचा काळा थर पापुद्र्यांसारखा बराचसा गळून पडतो आणि खाली क्युप्रस ऑक्साइडचा तांबूस थर राहतो. तो अजिबात खरवडू नये. हा पत्रा आणि न तापवलेला दुसरा पत्रा एकमेकांना न टेकवता मिठाच्या पाण्यात उभे केले आणि लाल थरावर ऊन पडू दिले, तर मायक्रोअमीटरचा काटा हलतो. सावलीतही थोडा प्रवाह दिसेल, कारण काही अंशी ही बॅटरीच असते. म्हणून ऊन आणि सावली यांतील फरक मुलांना मोजायला सांगावा. या प्रवाहावर एलईडी लागणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

दुसरा प्रयोग रंगद्रव्याच्या सेलचा आहे. ओरेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये हा प्रकार पुढे आणला. वीजवाहक काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप देऊन तो सुमारे ४५० अंशांना भाजतात, मग डाळिंब किंवा जांभूळ यांसारख्या फळांच्या गडद रसात बुडवतात. दुसऱ्या वीजवाहक काचेवर मेणबत्तीची काजळी धरून दोन्ही काचा समोरासमोर लावल्या आणि मध्ये आयोडीनचे द्रावण सोडले की उन्हात काही दशांश व्होल्ट मिळतात. वीजवाहक काच आणि भाजण्याची भट्टी शाळेत नसते, परंतु शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. तिथे विनंतीपत्र देऊन विचारणा करण्यास हरकत नाही.

प्रश्न : नदीकाठी चार एकर ऊस आहे. पाच अश्वशक्तीचा पंप घरी बनवलेल्या पॅनेलवर चालेल का?
— एक शेतकरी वाचक, करवीर तालुका

उत्तर : पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला सुमारे ४८०० वॉटची पॅनेल लागतात. म्हणजे वर वर्णन केलेली तेहेतीस-चौतीस पॅनेल, बाराशेवर सेल आणि हजारो डाख, ज्यांतला एक सुटला तरी पंप अडेल. शिवाय अशा ओळींचे व्होल्टेज प्राणघातक असते. हा विचार सोडून द्यावा. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत अडीच ते पाच एकर जमीन असणाऱ्या शेतकऱ्याला पाच अश्वशक्तीपर्यंतचा पंप मिळू शकतो आणि सर्वसाधारण गटातील लाभार्थ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. शेतात पारंपरिक वीजजोडणी आधीपासून असेल तर पात्रता आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

प्रश्न : वळवाच्या वाऱ्यात आमच्या शेडवरच्या तयार पॅनेलवर फांदी पडून काच पूर्ण चिरडली, तरी मल्टिमीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. वर दुसरी काच चिकटवून ते वापरावे का?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : काच आणि सेल ईव्हीएने एकजीव झालेले असल्यामुळे फुटलेली काच काढू गेल्यास सेल सोबतच निघतात. वरून पारदर्शक लेप देऊन बारा व्होल्टच्या एखाद्या दिव्यापुरते ते काही काळ वापरता येईल, तेही हात लागणार नाही अशा जागी. इतर पॅनेलांच्या ओळीत ते पुन्हा कधीही जोडू नये. चिरांतून पाणी आत गेले की वीज चौकटीत उतरते आणि शेडच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो.

प्रश्न : पॅनेल कोणत्या दिशेला आणि किती तिरके ठेवावे? तयार पॅनेल विकत आणून सांगाडा आणि बाकीची मांडणी मी स्वतः करणार आहे. आमच्या भागात २०१९ आणि २०२१ मध्ये पुराचे पाणी आले होते, त्या दृष्टीने काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पॅनेल विकत आणून सांगाडा, तारा आणि बॅटरीची मांडणी स्वतः करण्याचा आपला बेत मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण घरच्या कामाची खरी बचत इथे होते. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून पंधरा ते सतरा अंश कलते ठेवावे. पॅनेलच्या कलत्या लांबीच्या दर मीटरला उत्तरेकडची कड साधारण २९ सेंटीमीटर उचलली की हा कोन साधतो. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, तेव्हा या कोनाने थोडे नुकसान होते. हिवाळ्यात ते भरून निघते आणि या उतारावरून पावसाचे पाणी धूळ घेऊन वाहून जाते.

सांगाड्याला वजनापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. एका मोठ्या पॅनेलचे वजन पंचवीस-तीस किलो असते, परंतु वळवाचा वारा त्याच्या पोटाखाली शिरला की ते उचलले जाते. गॅल्व्हनाइज्ड अँगल वापरावेत. वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथे जस्ताचा रंग दोन हात द्यावा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. स्लॅबला भोके पाडून वॉटरप्रूफिंग बिघडवण्यापेक्षा पायांना काँक्रीटचे जड ठोकळे ओतून घ्यावेत, आणि चौकटीला व सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. गळीत हंगामात कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या धुराची, तसेच पेटवलेल्या पाचटाची काजळी पॅनेलवर बसते. तेव्हा पाऊस नसतो, त्यामुळे पंधरवड्यातून एकदा भल्या सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. बोअरचे जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग राहतात, ते टाळावे.

पुराच्या दृष्टीने मुख्य गोष्ट ही की पॅनेलला बंद करण्याचे बटण नसते. महावितरणचा पुरवठा तोडला, घरातला मेन स्विच पाडला, तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून खाली येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. त्यामुळे बॅटरी, चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर तळमजल्यावर ठेवू नयेत. शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून वरच्या मजल्यावरही तिला हवेशीर जागा द्यावी आणि ती बंद कपाटात ठेवू नये. गच्चीवर पॅनेलच्या शेजारीच एकदिश प्रवाहासाठी बनवलेला डीसी आयसोलेटर बसवावा. घरातला नेहमीचा एसी स्विच तिथे चालत नाही, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी तुटता तुटत नाही आणि स्विच आतून जळतो. पाणी चढू लागल्यावर घर सोडावे लागणार असेल, तर आधी चार्ज कंट्रोलरच्या सूचनापत्रात सांगितलेल्या क्रमाने पॅनेल आणि बॅटरी वेगळी करावी. बहुतेक कंट्रोलरमध्ये आधी पॅनेल आणि नंतर बॅटरी सोडवायची असते, आणि परत जोडताना आधी बॅटरी. भिजलेली तार किंवा जोड पूर्ण वाळवून, तपासून घेतल्याशिवाय आयसोलेटर पुन्हा चालू करू नये.